रवंथ : शास्त्राचे मनन, धीर आणि मराठी ओवी

नगरहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निघाले की वडाळा मागे पडते आणि थोड्याच वेळात नेवासा फाटा येतो. तेथून आत वळून प्रवरेच्या काठी गेले की ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्य सांगितले अशी परंपरा आहे, तो दगडी खांब आजही उभा आहे. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले. दुर्गाबाई भागवतांनी ‘पैस’ या १९७० च्या ललितलेखसंग्रहात या खांबाविषयी लिहिले, तेव्हापासून मराठी वाचकाला तो केवळ एक पुराणवस्तू राहिलेला नाही.

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील वाचनमंडळाचे पाचसहा जण मिळून आम्ही तेथे गेलो होतो. परतताना आमच्यातील एका तरुणाने सरळ विचारले, “आपण ख्रिस्ती माणसे इथे नेमके काय पाहायला आलो?” प्रश्न उद्धट नव्हता. त्याला त्या वेळी आम्हांला नीटसे उत्तर देता आले नाही. पुढील लेखन हे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न आहे. त्यात आमच्याच मराठी ख्रिस्ती भक्तिवाङ्मयाविषयी काही कठोर बोलावे लागले तर वाचकांनी ते घरच्या माणसाचे बोलणे समजावे.

गीतेचे श्लोक सातशे. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. म्हणजे एका श्लोकामागे सरासरी बारा-तेरा ओव्या. संस्कृत श्लोकाचा अर्थ सांगायला एवढ्या ओव्या लागत नाहीत. दोन पुरल्या असत्या. उरलेल्या दहा ओव्या त्या श्लोकापाशी बसून राहण्यासाठी आहेत. दृष्टान्त येतो, त्यामागून दुसरा येतो, मग मूळ शब्दाकडे पुन्हा परतणे होते. शास्त्रवचनापाशी मराठी माणसाने किती वेळ थांबावे याचे एक माप नेवाशाला ठरून गेले आहे, आणि तेच पाहायला आम्ही तेथे गेलो होतो असे आता वाटते.

या परिसराला ख्रिस्ती शास्त्रवाचन परके नाही, हेही येथेच सांगून टाकू. वर उल्लेखिलेले वडाळा हे एकोणिसाव्या शतकापासून अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र होते, आणि ते नेवासा तालुक्यातच आहे. शेजारच्या राहुरी तालुक्यातील केंदळ येथून जर्मन येशूसंघीय धर्मगुरू हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ सुरू केला. ‘ज्ञानोदय’ तर १८४२ मध्ये नगरलाच निघाले. याच जिल्ह्यात कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. प्रॉटेस्टंट व कॅथलिक या दोन्ही घरांतील माणसे प्रवरा-मुळेच्या या पट्ट्यात शंभर-दीडशे वर्षे प्रभूचे शब्द मराठीत ऐकत आली आहेत. ती ते कशी ऐकतात आणि त्यातून त्यांना काय मिळते, हा आमचा विषय.

आता तक्रारीकडे. गेल्या काही वर्षांत मनन-चिंतनाच्या म्हणून ज्या पुस्तिका आमच्याकडे परीक्षणासाठी आल्या, त्यांतील बहुतेकांची घडण एकच आहे. वर एक वचन, तेही अर्धे. खाली एक गोष्ट, बहुधा परदेशातील. त्याखाली तीनचार ओळींचा उपदेश, आणि शेवटी दोन ओळींची प्रार्थना. एका दिवसाला एक पान. वचन निवडताना ते आशा देणारे असावे एवढीच दक्षता घेतलेली दिसते. वर्षभराची तीनशे पासष्ट वचने चाळली तर विलापगीत हे पुस्तक बायबलात आहे याचा वाचकाला पत्ताही लागू नये. यिर्मया दिसतो तो आश्वासन देताना. आपल्या जन्मदिवसाला शाप देणारा यिर्मया तेथे भेटत नाही. लेखकांचा हेतू शुद्ध आहे याविषयी आम्हांस शंका नाही. मात्र या पुस्तिका दुःखी माणसाला दुःखातून उठवण्याची इतकी घाई करतात की तो कोठे बसला आहे हे त्यांना पाहताच येत नाही.

हे आम्ही दुरून बोलत नाही. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींचा कर्ता मुलगा गेला. चर्च बंद. अंत्यविधीला चार माणसे. आम्ही काय केले? मोबाइलवर वचने पाठवली. रोज एक, कधी दोन. फुलांच्या चित्रावर छापलेली. सहा महिन्यांनी गुरुजींची भेट झाली तेव्हा ते म्हणाले, “तुम्ही पाठवलेली वचने खरी होती हो. पण ती दाराशीच थांबली. आत आले ते अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र.” मुलगा गेल्यापासून ते रोज रात्री तेवढे एकच स्तोत्र मोठ्याने वाचत आणि त्यांच्या पत्नी ऐकत. आम्ही घरी येऊन ते उघडले. खरे सांगायचे तर ते आम्ही त्याआधी कधी लक्ष देऊन वाचलेले नव्हते.

स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रे पुष्कळ आहेत. पण बहुतेकांच्या अखेरीस कोठेतरी वळण येते, स्तुतीचा एखादा शब्द येतो. अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रात (जुन्या लॅटिन क्रमानुसार सत्त्याऐंशीव्या) ते वळण येतच नाही. स्तोत्रकर्ता अहोरात्र हाक मारतो, मित्र दूर गेले असे सांगतो, देवाला प्रश्न विचारतो आणि शेवटी अंधारापाशी थांबतो. उत्तर नाही. तरीही त्याचा पहिला शब्द देवाला उद्देशून आहे, आणि त्या देवाला तो आपल्या तारणाचा देव म्हणतो. सारी तक्रार त्याच्याचकडे आहे. ख्रिस्तसभेने हे स्तोत्र दर शुक्रवारच्या निद्रापूर्व प्रार्थनेत ठेवले आहे, म्हणजे धर्मगुरू आणि धर्मभगिनी ते आठवड्यातून एकदा म्हणतातच. प्रापंचिकांच्या कानांवर मात्र रविवारच्या मिस्सेत ते सहसा पडत नाही. गुरुजींना ते कोणी सुचवले नव्हते. पहिल्या स्तोत्रापासून क्रमाने वाचत जाता जाता ते तेथे पोहोचले आणि थांबले, एवढेच. वेचे निवडून वाचणाऱ्याला जे कधी सापडले नसते ते क्रमाने वाचणाऱ्याला सापडले, याकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

‘मनन’ हा शब्द आपण श्रवण-मनन-निदिध्यासन या परंपरेतून घेतला. तो सुंदर आहे, पण त्यात मनाचा व्यापार फार आणि तोंडाचा कमी. पहिल्या स्तोत्रात जो मनुष्य रात्रंदिवस नियमशास्त्राचे मनन करतो असे म्हटले आहे, तेथील मूळ हिब्रू क्रियापद ‘हागा’ असे आहे. यशयाच्या ग्रंथात हेच क्रियापद सिंहाच्या गुरगुरण्यासाठी येते आणि पारव्याच्या घुमण्यासाठीही येते. म्हणजे हे मनन ओठांवर आहे, घशात आहे. पुटपुटणे, घोकणे, गुणगुणणे हे मराठी शब्द त्याला अधिक जवळचे. मध्ययुगातील पाश्चात्त्य मठवासी या क्रियेला रवंथ म्हणत. बाराव्या शतकातील दुसऱ्या गीगोने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी मांडली, तेव्हा त्यानेही वाचनाला घास तोंडात घेण्याची आणि मननाला तो चावण्याची उपमा दिली. गोठ्यात बसलेल्या गाईला पाहिलेल्या नेवाशाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. सकाळी चरताना तिने घाईने गिळलेले असते. पोषण मिळते ते दुपारी बसल्यावर. संत इग्नेशियसही आपल्या साधनेच्या आरंभीच्या सूचनांत हेच बजावतात की पुष्कळ जाणल्याने जीव तृप्त होत नाही, आतून चव घेतल्याने होतो.

ओवीची रचना या चव घेण्याला कशी अनुकूल आहे, ते पाहण्यासारखे आहे. तीन चरण यमकाने एकमेकांत गुंफलेले आणि चौथा आखूड, यमकाविना. तीन पावले चालून चौथ्याला आवाज खाली बसतो. म्हणणाऱ्याला श्वास घ्यावाच लागतो, आणि त्या श्वासाच्या अवकाशात आधीचे तीन चरण मनात फिरतात. जात्यावर बसलेल्या बाईची ओवी आणि ग्रंथातील ओवी यांची घडण निराळी असली तरी दोन्हींत हे थांबणे आहे. श्लोकात ते नाही. श्लोक आपले वाक्य मुठीत आवळून धरतो. ज्ञानेश्वरांनी गीता ओवीत आणली तेव्हा भाषा बदलली असे आपण म्हणतो. तिच्याबरोबर वाचनाची गतीही बदलली, असे आमचे मत आहे.

हे ज्याने ओळखले तो पहिला ख्रिस्ती ग्रंथकार एक इंग्रज होता, ही गंमतच. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये साष्टीतच त्यांचा देह पडला. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोलला छापले गेले. जुन्या कराराचे पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे, नव्या कराराचे दुसरे एकोणसाठ अवस्वरांचे, एकूण ओव्या दहा हजारांच्या वर. ग्रंथाच्या आरंभीच एक नवख्रिस्ती मनुष्य फादरांना विचारतो की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी वाचायला दुसरे काही का देत नाही? या प्रश्नामागची वेदना आम्हांला फार मोठी वाटते. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पोथी लावली जात होती, त्याच्यासमोर प्रश्नोत्तरांची एक पुस्तिका ठेवली गेली होती. सत्य त्या पुस्तिकेत होते. पण संध्याकाळी दिव्याशी बसून वाचावे असे तिच्यात काही नव्हते. स्टीफन्सनी त्याला पोथी दिली.

त्या ग्रंथाच्या १६१६, १६४९ व १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांतील एकही मुद्रित प्रत अभ्यासकांच्या हाती लागलेली नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून ठेवलेल्या प्रतींमुळे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, त्यानंतरच्या काळातही हे पुराण घरांतून वाचले जात राहिले. पुढे १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालढाणांनी ते रोमन लिपीत छापले, १९५६ मध्ये शांताराम बंडेलूंनी देवनागरीत आणले, आणि १९९६ मध्ये फादर कारिदाद द्रागो यांनी गद्य रूपांतरासह सिद्ध केलेली आवृत्ती पॉप्युलर प्रकाशनाने काढली. दहा हजार ओव्या हाताने उतरवणारा माणूस कोण असेल? त्याचे नाव आपल्याला माहीत नाही. पण प्रत्येक ओवी त्याच्या बोटांखालून गेली आहे. शास्त्राचे याहून सखोल मनन आम्हांला तरी सुचत नाही.

आता आम्ही ज्या ग्रंथासाठी मुख्यतः लेखणी हाती घेतली त्याकडे येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ आज कोण वाचतो? टिळकांचा धर्मप्रवास सर्वांना ठाऊक आहे. आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने हाती दिलेला नवा करार, तो वाचता वाचता डोंगरावरील प्रवचनापाशी खिळून गेलेले मन, १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत घेतलेला बाप्तिस्मा. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी ख्रिस्तचरित्र ओवीबद्ध करण्याचे काम घेतले. पहिले दहा-अकरा अध्याय होतात न होतात तोच ९ मे १९१९ रोजी ते गेले. पुढील चौसष्ट अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले.

या आकड्याकडे समीक्षकांनी पुरेसे पाहिलेले नाही. लक्ष्मीबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याकडून, तीही खंडित. पतीच्या बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे त्यांनी त्याच्यापासून दूर, पंढरपूर-नाशिककडे नातलगांच्या आश्रयाने काढली. मग नगर, राहुरी, प्लेगची साथ, अनाथ मुलांचा सांभाळ, टिळकांचा उतावळा स्वभाव आणि उदार हातामुळे सतत रिकामी होणारी घरातली पेटी. हे सारे ‘स्मृतिचित्रे’त आहे आणि १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाची थोरवी मराठी साहित्याने मान्य केलेली आहे. त्यावर लिहिताना समीक्षक त्यांच्या विनोदाची, निरागस निवेदनाची स्तुती करतात आणि ती योग्यच आहे. पण तो विनोद उभा कशावर आहे, हा प्रश्न ते विचारत नाहीत. ‘स्मृतिचित्रे’त शास्त्रवचनांची उधळण नाही, धर्मोपदेशाचा सूर नाही. म्हणून लक्ष्मीबाईंची श्रद्धा हा त्या ग्रंथाचा गौण भाग आहे असे समजले जाते. आमचे म्हणणे असे की ती श्रद्धा पाहायची असेल तर ‘ख्रिस्तायना’कडे गेले पाहिजे, आणि तेही काव्याच्या अपेक्षेने जाऊ नये.

काव्य म्हणून ‘ख्रिस्तायन’ सर्वत्र एका उंचीवर राहत नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. टिळक जन्मजात कवी होते; त्यांच्या शब्दांना नाद आहे. लक्ष्मीबाईंच्या हाती ते साधन तेवढे नव्हते. त्यांची शैली शुभवर्तमानाच्या मागून साध्या पावलांनी चालते. तेथे काव्याची झेप शोधणारा निराश होतो आणि पुस्तक मिटतो. आम्हीही एके काळी मिटले होते. पण हे चौसष्ट अध्याय कोणत्या अवस्थेत लिहिले गेले ते डोळ्यांपुढे आणावे. नवरा गेलेला, त्याचे काम अर्धवट पडलेले, आणि ते पुरे करणारी स्त्री विदुषी नाही. चरित्र क्रमाने सांगायचे आहे. म्हणजे आवडता प्रसंग निवडता येत नाही, नावडता टाळता येत नाही. गालीलातील सुखाचे दिवस संपले की यरुशलेमेचा रस्ता धरावाच लागतो. गेथशेमाने ओलांडून जाता येत नाही. तेथील प्रत्येक घटकेच्या ओव्या कराव्या लागतात. एका वचनासाठी चार चरण शोधायचे, आणि ते सापडेपर्यंत ते वचन मनात घोळवत ठेवायचे. ओवीकाराला आपल्या विषयापासून पळता येत नाही.

म्हणून आम्हांला वाटते की ‘ख्रिस्तायना’चे परीक्षण करताना ‘हे काव्य किती श्रेष्ठ?’ एवढेच विचारणे अपुरे आहे. ‘हे लिहिणे लिहिणाऱ्या व्यक्तीला कोठे घेऊन गेले?’ हाही समीक्षेचाच प्रश्न आहे. ज्या हाताने हे दीर्घ, संथ, अनलंकृत काम केले त्याच हाताने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. स्वतःच्या दुःखाकडे इतक्या अंतरावरून, तक्रार न करता आणि खोटे गोड न करता पाहण्याची शिस्त या बाईंना कोठून मिळाली असावी? शुभवर्तमानकारांच्या निवेदनातही नेमकी हीच शिस्त आहे. क्रूसावरील मरण सांगताना ते एकही विशेषण वाया घालवत नाहीत. वर्षानुवर्षे त्या निवेदनाच्या सहवासात राहिलेल्या स्त्रीच्या गद्याला त्याचा गुण लागला असेल, हा आमचा तर्क आहे. सिद्ध करता येणार नाही. पण दोन्ही ग्रंथ शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो पटेल अशी आशा आहे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याच जातीचे, म्हणून त्याचा ओझरता उल्लेख पुरे. केडगावच्या मुक्तिसदनात सुमारे अठरा वर्षे खपून त्यांनी हिब्रू व ग्रीक भाषांतून संपूर्ण बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणले. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. मधल्या आठनऊ महिन्यांत त्या भाषांतराच्या कामातच होत्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या भाषांतराच्या मराठीविषयी मतभेद आहेत, ते असोत. ज्या बाईने इतक्या लहानपणी दुष्काळात आई, वडील, बहीण गमावली आणि पुढे भाऊ, नवरा व अखेर लेकही गमावली, ती शेवटपर्यंत शब्दाला शब्द जुळवत बसली होती, एवढे येथे पाहावे.

येथवर वाचून काही वाचकांच्या मनात एक आक्षेप उभा राहिला असेल, आणि तो आम्ही स्वतःही अनेकदा स्वतःवर घेतला आहे. धीर, सहनशीलता, सोशिकपणा यांचे हे गोडवे कोणासमोर गायचे? या जिल्ह्यातील आपले बहुसंख्य धर्मबांधव ज्या समाजांतून आले त्यांच्या पूर्वजांनी सोसण्यापलीकडे केले काय होते? त्यांना पुन्हा सोसा असे सांगणारे शास्त्र त्यांनी का ऐकावे? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी बांधल्या गेल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांना त्यांत घेण्यात आले. ख्रिस्ती दलित अजूनही बाहेरच आहेत. ज्याच्या मुलाचा दाखला या कारणाने अडतो, त्याला धीर धरा म्हणणे हा उपदेश की अपमान?

हा आक्षेप खोडून काढण्याचा नव्हे, गंभीरपणे घेण्याचा आहे. आमच्या व्यासपीठांवरून ‘सोसणे’ आणि ‘धीर’ यांची गल्लत फार झाली आहे. नव्या करारात धीरासाठी वारंवार येणारा ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. त्याचा धात्वर्थ ओझ्याखाली टिकून राहणे, जागा न सोडणे असा होतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यात लूकने चांगल्या जमिनीविषयी बोलताना हाच शब्द घातला आहे. तेथे वचन ऐकणारे ते धरून ठेवतात आणि धीराने फळ देतात. जमीन निमूटपणे पडून नसते. तिच्या पोटात काम चाललेले असते. आणि याकोबाच्या पत्रात या धीराचा नमुना म्हणून ज्याचे नाव येते तो ईयोब तर मुळीच मुकाट बसलेला नाही. बेचाळीस अध्यायांच्या त्या ग्रंथात पहिले दोन अध्याय सोडले की तो आपल्या मित्रांशी आणि देवाशी अध्यायामागून अध्याय भांडतो, दाद मागतो, आपला कागद पुढे करतो. शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. देवाची बाजू घेऊन दुःखी माणसाला गप्प करणारे ते मित्र! त्यांची भाषणे आज वाचली तर आमच्या मनन-पुस्तिकांतील उपदेशाशी त्यांचे साम्य पाहून अंगावर काटा येतो.

ईयोबाचा पहिल्या दोन अध्यायांतील सोशिक चेहराच तेवढा दाखवून मधले पस्तीस-चाळीस अध्याय वगळणारे वाचन हे जुलमाला सोयीचे असते. संपूर्ण ईयोब वाचणारा माणूस मात्र अर्ज घेऊन कचेरीच्या दारात उभा राहताना देवाला सोबत घेऊन उभा राहू शकतो. आपल्या भागातील कितीतरी वृद्ध स्त्रियांना स्तोत्रे पाठ आहेत, आणि आम्ही पाहिले आहे ते असे की ज्यांना विलापाचीही पाठ आहेत त्यांच्या बोलण्यात लाचारी कमी असते. हे निरीक्षण तोकडे असेल. पण ते आमचे आहे.

आपल्या कॅथलिक घरांत बायबल उशिरा आले हेही येथे मान्य करावे लागेल. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १८ नोव्हेंबर १९६५ च्या दैवी प्रकटीकरणावरील आज्ञापत्रात सर्व श्रद्धावंतांनी शास्त्र वारंवार वाचावे असा आग्रह धरला. त्याआधी आमच्या आज्यांच्या हाती जपमाळ होती. जपमाळेला कमी लेखण्याचे कारण नाही. तीही रवंथच आहे, पंधरा रहस्यांचे (आता वीस) बोटांवर फिरणारे शुभवर्तमान आहे. मात्र त्यात स्तोत्रकर्त्याचा विलाप नाही, ईयोबाचा वाद नाही, उपदेशकाचा उद्वेग नाही. २०१० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले आणि आजची मराठी बोलणारे शास्त्र घरात आले. जुलै २०२४ मध्ये फादर गेले. त्यांच्या ग्रंथावर स्तुतीची पुष्कळ भाषणे झाली. पण तो क्रमाने, सलग, कुटुंबात वाचला जातो का? आमच्या वाचनमंडळात आम्ही हात वर करायला सांगितले होते. अकरा जणांपैकी दोघांचे हात वर आले आणि त्यांतला एक आमचा नव्हता.

त्यानंतर आम्ही एक साधा उपक्रम सुरू केला. दर शुक्रवारी सायंकाळी एका घरी जमायचे, स्तोत्रसंहिता क्रमाने घ्यायची, एका बैठकीला एकच स्तोत्र. ते चौघांनी चार वेळा मोठ्याने वाचायचे. मध्ये कोणी समजावून सांगायचे नाही. मग ज्याला ज्या शब्दापाशी अडखळल्यासारखे झाले त्याने तो शब्द सांगायचा, बस. नेवाशाला प्रश्न विचारणारा तो तरुण पहिल्या महिन्यात कंटाळून यायचा बंद झाला, मग परत आला. आता त्याने एक नवीनच उद्योग आरंभला आहे. वाचलेल्या स्तोत्राच्या तो ओव्या करतो. ओव्या ओबडधोबड आहेत, चौथा चरण नेहमी लांबतो, आणि आम्ही त्या छापणार नाही हे त्याला स्पष्ट सांगितले आहे. त्याला त्याचे काही वाटत नाही.

बाविसाव्या स्तोत्रापर्यंत आलो आहोत. अठ्ठ्याऐंशीव्याला पोहोचायला अजून वर्षाहून अधिक काळ लागेल. त्या शुक्रवारी गुरुजींच्या घरी बसायचे ठरले आहे. त्यांनी स्वतःच मागून घेतले.